मोहरीचा भुसा, हातपंपाचे पाणी
(वहीतली टिपणे)

मार्चमध्ये ग्वाल्हेरहून मुरैन्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना मोहरीची मळणी चाललेली दिसते. दाणे पोत्यांत भरून तेलगिरणीकडे जातात. मागे उरतो भुसा, इकडच्या बोलीत तूडी. गुरे तो आवडीने खात नाहीत, त्यामुळे बराचसा वीटभट्ट्यांवर जळतो. हाच भुसा धुऊन, वाळवून, चाळून शिसे किंवा कॅडमियम मिसळलेल्या पाण्यात ढवळला, तर ते धातू बऱ्याच प्रमाणात भुशाला चिकटतात. आपल्याकडच्या संशोधकांनी हे मोजून दाखवले आहे. बाभळीच्या लाकडाच्या भुश्शावरही असेच काम झाले आहे, आणि चंबळच्या घळींमध्ये बाभळीला तोटा नाही.

कच्चा माल दारात आहे. खराब पाणीही दूर नाही. मग या दोघांची गाठ प्रयोगशाळेबाहेर का पडत नाही, हा प्रश्न रसायनशास्त्र शिकवताना मला वर्षानुवर्षे छळत आला. त्यासाठी ही वही.

०

चिकटतात म्हणजे काय होते? पाणी भुशात मुरते ते वेगळे. इथे धातूचा आयन भुशाच्या पृष्ठभागावर पकडला जातो. याला अधिशोषण म्हणतात. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, लिग्निन, टॅनिन असतात आणि त्यांच्यावर कार्बॉक्सिल व हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचा पीएच पाच-सहाच्या आसपास असला की कार्बॉक्सिल गट आपला हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात आणि शिशाच्या धनभारित आयनाला जागा मिळते. पीएच दोनवर आणला की हायड्रोजन आयनांची गर्दी होते, तेच जागा बळकावतात आणि शिसे पाण्यातच राहते. सात-आठच्या वर गेलो तर शिसे हायड्रॉक्साइड होऊन स्वतःच खाली बसू लागते. विद्यार्थी ते आकडे अधिशोषणाच्या खात्यात टाकतो आणि टक्केवारी फुगते. प्रबंध तपासायला आला की मी आधी पीएचचा आलेख बघते.

०

क्रोमियमचे गणित उलटे. क्रोमियम-६ पाण्यात ऋणभारित रूपात असते, म्हणून ते आम्लधर्मी पाण्यात, पीएच दोनच्या आसपास, उत्तम पकडले जाते. पण तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. आम्लात झाडपाला क्रोमियम-६ चे क्रोमियम-३ करतो, आणि त्यातला काही भाग पाण्यातच राहतो. डायफिनाइलकार्बाझाइड टाकून येणारा जांभळा रंग फक्त क्रोमियम-६ दाखवतो. रंग गेला म्हणजे क्रोमियम गेले असे समजून अनेक निबंधांत ‘९९ टक्के निर्मूलन’ लिहिलेले असते. एकूण क्रोमियम मोजल्याशिवाय असे वाक्य लिहू नये. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादाही एकूण क्रोमियमवरच आहे, लिटरला ०.०५ मिलिग्रॅम.

०

कडुनिंबाच्या पाल्याची पूड. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या चौकात कडुनिंब असतोच, म्हणून विद्यार्थ्यांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. गुवाहाटी विद्यापीठात कृष्ण गोपाल भट्टाचार्य आणि अरुणिमा शर्मा यांनी याच पुडीवर शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि रंगद्रव्यांसाठी या शतकाच्या सुरुवातीला सविस्तर काम केले. ते आजही वाचण्यासारखे आहे.

कृती सोपी, पण चिकाटीची. पाने पिकलेली घ्यावीत, कोवळी नकोत. नळाखाली धूळ जाईपर्यंत धुवायची, मग ऊर्ध्वपातित पाण्याने. सावलीत वाळवायची, नंतर ओव्हनमध्ये साठ-सत्तर अंशांवर, हातात घेतल्यावर कुरकुरीत चुरा होईल इतकी. मिक्सरमधून काढून चाळायची. इथे बहुतेक जण थांबतात. खरे काम पुढे असते: पूड पुन्हा धुवायची, पहिले पाणी चहासारखे तपकिरी निघते, दुसरे पिवळट, आणि पाणी निवळशंख निघेपर्यंत धुणे चालू ठेवायचे. धुतली नाही तर पाण्यातून शिसे निघेल आणि पाल्याचा अर्क आत जाईल. त्या अर्कावर जिवाणू पोसतात. शिसे घटलेले, पण दोन दिवसांनी वास मारणारे पाणी कोण पिणार?

०

शेजारची सून विचारायला आली. हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ.

“काकू, माठात कडुनिंबाची पानं आणि तुळस टाकली की पाणी फिल्टर होतं म्हणतात. आर.ओ. काढून टाकू का?”

“नको गं. पानं तशीच टाकून काही होत नाही. आणि पानांनी जंतू मरतात यावर विसंबून राहू नकोस. उकळलेलं पाणी ते उकळलेलं.”

“आणि वाळा? सासूबाई घालतात उन्हाळ्यात.”

“घाल की. वासासाठी घाल, गारव्यासाठी घाल. जुडी दर दोन दिवसांनी धुऊन उन्हात टाकत जा म्हणजे झालं.”

मग चहाची गोष्ट तिला सांगितली, तिला फार आवडली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२५ मध्ये दाखवले, की नेहमीसारखा चहा केला तर पाण्यातले सुमारे १५ टक्के शिसे चहाच्या पत्तीला चिकटून गाळासोबत जाते. पत्ती जितका वेळ पाण्यात, तितके जास्त. मुद्दाम चहा पिऊन शिसे टाळावे असा याचा अर्थ नाही. पण उकळत्या पातेल्यात अधिशोषण रोज घडते आहे, हे तिला तिच्याच ओट्यावर दाखवता आले. चहाच्या रोपाला फ्लोराइड साठवायची सवय आहे, हे मात्र लक्षात ठेवायचे. वापरलेली पत्ती शिशासाठी ठीक, फ्लोराइडसाठी चुकीची निवड.

०

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याचे सात उपाय सांगितले आहेत: कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेद, कमळाचा गड्डा, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. यातली निवळी पुढे अनेक प्रयोगशाळांत तपासली गेली आणि खरी ठरली. बी दगडावर उगाळून पाण्यात मिसळले की गाळ एकत्र येऊन बसतो. शेवग्याच्या बियांचेही तसेच. सुदानमधल्या बायका नाईलचे गढूळ पाणी वनस्पतींनी कसे निवळतात, त्याचा अभ्यास सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधिकेने १९७०च्या दशकात केला आणि शेवगा जगापुढे आला. शेवग्याचे प्रथिन धनभारित, मातीचे कण ऋणभारित; दोघे भेटतात, जड होतात, तळाला जातात.

हे किलाटन, अधिशोषण नव्हे. ते गढूळपणावर चालते, विरघळलेल्या शिशावर फारसे नाही. दोन्हींची सरमिसळ करून ‘प्राचीन भारतीय जलशुद्धी’ असे लेख छापले जातात, ते निवळीवरही अन्याय करतात आणि वाचकावरही. शेवग्याचे बी टाकलेले पाणी एका दिवसात वापरून संपवावे. उरलेली प्रथिने कुजतात. पेन स्टेट विद्यापीठात यावर छान तोड काढली: प्रथिन वाळूच्या कणांवर चिकटवायचे, बाकी अर्क धुऊन टाकायचा आणि ती वाळू वापरायची.

०

आकडेमोड. या विषयातले सगळ्यात मोठे फसगतीचे ठिकाण हेच, म्हणून सविस्तर.

निबंधात लिहिलेले असते: या भुशाची क्षमता ग्रॅमला २० मिलिग्रॅम शिसे. वाचणाऱ्याला वाटते, मग चिमूटभर भुसा पुरेल. पण ही कमाल क्षमता आहे आणि ती पाण्यात भरपूर शिसे असतानाची. अर्विंग लँगम्यूरने १९१६ ते १९१८ या काळात जे समीकरण मांडले त्याचा आशय साधा आहे. पंगतीत पाट ठरलेले असतात, पण सगळे पाट भरण्याइतके पाहुणे यावे तर लागतात. पाण्यात शिसे अत्यल्प असेल तर बहुतेक जागा रिकाम्याच राहतात.

समजा, कमाल क्षमता २० आणि लँगम्यूरचा स्थिरांक ०.१ लिटर प्रति मिलिग्रॅम. हातपंपाच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम शिसे, आणि ते आणायचे आहे मानकातल्या ०.०१ वर. घराला दिवसाला २० लिटर पाणी, म्हणजे काढायचे शिसे १.८ मिलिग्रॅम. भुसा बादलीत टाकून ढवळला, तर शेवटी उरलेल्या ०.०१ शी समतोल साधताना भुसा ग्रॅमला फक्त ०.०२ मिलिग्रॅम धरतो. लागणारा भुसा ९० ग्रॅम, रोज. निबंधातले २० आणि बादलीतले ०.०२, हजारपट फरक.

तोच भुसा नळीत भरून पाणी वरून खाली सोडले, तर वरचा थर येणाऱ्या ०.१ च्या पाण्याशी समतोल साधतो आणि ग्रॅमला जवळपास ०.२ धरतो. मग रोज दहा ग्रॅमच्या आसपास भागते. म्हणून स्तंभ हवा. शंकूपात्रातल्या प्रयोगावर थांबलेल्या प्रबंधाला मी अर्धाच प्रबंध मानते.

हा हिशेब ऊर्ध्वपातित पाण्याचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम कितीतरी पटीने जास्त. तेही त्याच जागांवर हक्क सांगतात.

०

ग्वाल्हेर शहर मुख्यतः तिघऱ्याचे पाणी पिते. सांक नदीवरचे हे धरण १९१६चे, आणि तिथे विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. तेच दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला पहिल्यांदा लावले होते. इथल्या मराठी घरांत पुण्याशी असलेली नाती मोजताना हे नाते कुणी मोजत नाही. वालुकाश्माच्या पायातून पाणी झिरपून १९१७ मध्येच धरण फुटले, आणि नंतर पुन्हा बांधले गेले.

तलावातले पाणी म्हणजे मुख्य काळजी गाळाची आणि जंतूंची. त्यासाठी मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, वाळू आणि क्लोरीन आहेत. तिघऱ्याचे पाणी पिणाऱ्या घराला मोहरीच्या भुशाचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे नळ पोचत नाही, जे हातपंप आणि बोअरवर आहेत, त्यांच्या पाण्यात खडकातून विरघळलेले क्षार येतात. विषय खरा तिथला आहे.

०

शिवपुरीचा नरवर भाग. किल्ल्यासाठी आणि नल-दमयंतीच्या कथेसाठी लोक ओळखतात. तिथल्या गावांत पिवळे-तपकिरी पट्टे पडलेले दात आणि वाकलेले गुडघे दिसतात. फ्लोरोसिस. बुंदेलखंडी ग्रॅनाइटमध्ये फ्लोराइडयुक्त खनिजे आहेत. पाणी अल्कधर्मी, बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असले की फ्लोराइड खडकातून बाहेर येते. भारतात या दुखण्याची पहिली नोंद १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातली. महाराष्ट्रात यवतमाळ-चंद्रपूरकडे हीच कथा. मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

इथे झाडपाल्याची कच्ची पूड जवळजवळ निरुपयोगी. हातपंपाच्या पाण्याच्या पीएचला पुडीचा पृष्ठभाग ऋणभारित, फ्लोराइडही ऋणभारित; एकमेकांना दूर ढकलतात. भुशाचा कोळसा करून त्यावर ॲल्युमिनियम, कॅल्शियम किंवा झिर्कोनियम बसवले तरच तो फ्लोराइड धरतो. मग त्यातले ॲल्युमिनियम पाण्यात उतरत नाही ना, तेही मोजायचे. नागपूरच्या नीरी संस्थेची नालगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, आजही खेड्यात करता येण्यासारखी आहे. गाळ बराच निघतो आणि मात्रा सांभाळावी लागते. तुळशीने फ्लोराइड जाते असे नरवरच्या आईला सांगणे मला पाप वाटते. तिच्या मुलाची हाडे अजून वाढत असतात.

चिंचेचे मात्र वेगळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की आहारात चिंच दिली तर शाळकरी मुलांच्या लघवीतून फ्लोराइड जास्त बाहेर पडते. चिंचेच्या टरफलाचा कोळसा करून पाण्यातले फ्लोराइड काढण्याचेही प्रयोग झाले आहेत. ग्वाल्हेरची चिंच तानसेनच्या समाधीजवळची, गळ्यासाठी पाला चघळायची. तिची ही दुसरी बाजू इथल्या शाळांत सांगायला हवी.

०

ग्वाल्हेरच्या झाशी रस्त्यावरची डीआरडीई, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना. तिची सुरुवात १९४७ मध्ये जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून झाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली. रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचाव हे तिचे काम, आणि विषारी वायूच्या मुखवट्यात अधिशोषक कोळसाच लागतो. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफले गोळा करून द्या असे आवाहन केले होते. त्यांच्या कठीण कवचापासून मुखवट्यांचा कोळसा होई.

आज तेच काम नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा करतो. एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. कच्च्या भुशाचा जेमतेम काही चौरस मीटर, त्याची मदार रासायनिक गटांवर. घरोघरच्या पाण्याच्या यंत्रात जी काळी नळी असते तीत बहुधा ही करवंटीच असते. वनस्पतीजन्य अधिशोषक हा काही नवा चमत्कार नाही. तोबियास लोवित्स याने सेंट पीटर्सबर्गला १७८५ मध्ये कोळशाने द्रावणाचा रंग घालवून दाखवला तेव्हापासून तो माणसाच्या कामात आहे.

०

पुण्याचे उदाहरण मी वर्गात नेहमी देते. टाटांच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ नावाचा स्वस्त फिल्टर तयार केला. २००४च्या त्सुनामीनंतर तो लोकांपर्यंत पोचवला गेला. २००९ मध्ये त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला, हजार रुपयांच्या आत, विजेशिवाय चालणारा. त्याने जंतूंचा प्रश्न घेतला. विरघळलेले फ्लोराइड किंवा आर्सेनिक काढण्याचा दावा केला नाही. एक प्रश्न निवडला आणि वस्तू दुकानापर्यंत नेली. असे भाग्य आपल्याकडच्या फार थोड्या प्रबंधांच्या वाट्याला येते.

०

ग्वाल्हेरची जियाजीराव कॉटन मिल १९२१ मध्ये सुरू झाली, १९९२ मध्ये बंद पडली. बिर्लानगरच्या कित्येक घरांची चूल त्या भोंग्यावर चाले. रंगखात्याच्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नसे. स्वर्णरेखा, जी एकेकाळी लष्करातून वाहणारी नदी होती, ती आज काँक्रीटच्या पात्रातला नाला झाली आहे.

कच्च्या झाडपाल्याची खरी जागा मला इथे दिसते. पिण्याच्या पाण्यात नव्हे, सांडपाणी जिथून निघते त्या तोंडाशी. चंदेरीच्या रंगाऱ्याच्या हौदापाशी, मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्याच्या धुण्याच्या टाकीपाशी. तिथे प्रमाण लिटरला शेकडो मिलिग्रॅम असते, म्हणजे लँगम्यूरच्या पंगतीत पाट भरतात. पाणी कुणी पिणार नसते, त्यामुळे पाल्याचा थोडा अर्क उतरला तरी निभावते. आणि विष एका जागी सापडते, नदीत पसरण्याआधी. मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात गणपतीच्या निर्माल्यातल्या झेंडूची पूडसुद्धा चांगली चालते. मुलांना हा प्रयोग दाखवला की डोळे विस्फारतात: गडद निळे पाणी, अर्ध्या तासाचे हलवणे, गाळणी, आणि खाली जवळजवळ पाण्याच्या रंगाचे पाणी.

०

वापरलेला भुसा. निबंधांत यावर दोन ओळी असतात, कधी तेवढ्याही नसतात. शिसे नाहीसे होत नाही, पाण्यातून भुशात येते. वरच्या हिशेबाने घराला रोज दहा ग्रॅम, म्हणजे वर्षाला साडेतीन किलोच्या वर. दोनशे घरांच्या गावात सातशे किलोहून अधिक. तो उकिरड्यावर टाकला तर पावसाच्या पाण्यातून पुन्हा त्याच विहिरीत. चुलीत जाळला तर काही शिसे राखेत, काही धुरात, आणि स्वयंपाक करणारी बाई त्या धुरात उभी. आम्लाने धुऊन भुसा पुन्हा वापरता येतो, मग शिसे उतरलेले आम्ल हातात उरते. २०१६च्या घातक कचरा नियमांखाली हा माल अधिकृत जागीच गेला पाहिजे. गावातून तो कोण गोळा करणार, कोण वाहून नेणार, पैसे कुणी द्यायचे, हे ठरल्याशिवाय गावात असे फिल्टर वाटू नयेत असे माझे ठाम मत आहे.

०

यंदा काम करणाऱ्या मुलांसाठी. ऊर्ध्वपातित पाण्यात शिसे मिसळून केलेला पहिला तक्ता करा, शिकण्यासाठी तो लागतोच. दुसरा तक्ता हातपंपाच्या पाण्याचा. पंप आधी काही मिनिटे मोकळा चालवा, मग भरा. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत, काचेच्या नव्हे. धातूंचा नमुना वेगळा, त्यात जागेवरच नायट्रिक आम्ल टाकून पीएच दोनच्या खाली आणा, नाहीतर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटून बसेल आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगले वाटेल. बाटलीवर गाव, पंपाची जागा, तारीख लिहा. पंपावर पाणी भरायला आलेल्या बाईला विचारा, ही पाण्याची चव केव्हापासून अशी आहे, आणि उत्तर वहीत लिहून घ्या. निकाल आला की तो आधी त्या गावात जाऊन सांगा, प्रबंधात नंतर.